आम्ही त्यांतले नव्हे

पस्तीस वर्षे मी सरकारी नोकरीत एकच काम केले. इंग्रजीतून आलेला कागद मराठीत करायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. १९७० साली भाषा संचालनालयात अनुवादक म्हणून लागलो, तेव्हा माझी नोकरी नेमकी काय आहे हे मुलीकडच्या मंडळींना समजावून सांगताना आमच्या वडिलांची पुरेवाट होई. ‘मुलगा राजभाषेत आहे’ असे ते सांगत, आणि समोरच्याला वाटे, मुलगा कुणा संस्थानिकाकडे भाट आहे की काय! आमच्या कामाची चेष्टाही पुष्कळ झाली. पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले ते उगीच नव्हे. आमच्या मराठीला लोक आजही हसतात. हसोत बापडे. पण ‘राजभाषा’ हा शब्द कानांवर पडला की माझी मान अजूनही किंचित ताठ होते.

ती मान २०२५ च्या मार्च महिन्यात एका परक्या देशात, भाजीच्या दुकानात, एकदम खाली गेली. त्याची ही हकीकत आहे. नरकचतुर्दशीला गोड खाण्यापूर्वी कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायची आपली रीत आहे. हा लेख वाचकांनी तसलाच थेंब समजावा.

आमची मुलगी ऑस्टिनला असते. ऑस्टिन ही टेक्सस राज्याची राजधानी. फेब्रुवारीत आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. मुलगी आणि जावईबापू सकाळी आठाला आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसतात ते दिवेलागणीला उठतात. सात वर्षांच्या नातीला शाळेतून आणण्यापासून घर आवरण्यापर्यंतचे सारे मेक्सिकोकडची एक बाई बघते. वय पन्नाशीचे, बांधा ठेंगणा, चालणे झपझप. नात तिला ‘तिया’ म्हणते. तिया म्हणजे मावशी किंवा आत्या. स्पॅनिशमध्ये दोघींना एकच शब्द. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना मुले ‘मावशी’ म्हणतात, तिकडे ‘तिया’. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी तिला मावशीच्या खात्यात जमा करून टाकले.

अडचण एकच होती. हिचे इंग्रजी ‘थँक्यू’पाशी सुरू होऊन ‘सॉरी’पाशी संपते. तियाचेही तेवढेच. नातीची शाळा दोन भाषांतून चालते, निम्मे शिक्षण इंग्रजीत, निम्मे स्पॅनिशमध्ये; त्यामुळे ती दोन्ही भाषा फडाफड बोलते. मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीत येते. मग आमच्या घरात एक छोटेसे अनुवाद खातेच सुरू झाले. तिया नातीला स्पॅनिशमध्ये सांगे, नात मला इंग्रजीत सांगे, मी हिला मराठीत सांगे. आणि उत्तर त्याच मार्गाने उलट जाई. सरकारी फाईल ज्या गतीने जाते त्याच गतीने हे चाले. एकदा हिने ‘तुम्हाला मुलं किती?’ म्हणून विचारले, तर फिरून उत्तर आले, ‘साडेतीन डॉलर’. मधल्या कुठल्या टेबलावर घोटाळा झाला, याची चौकशी अजून चालू आहे.

पण पंधरा दिवसांतच त्या दोघींनी आमचे खाते बरखास्त केले. एके दिवशी भांडी घासताना ही सहज ‘साबण’ म्हणाली. तियाने मान वर करून ‘हाबोन?’ म्हणून बाटली पुढे केली. मग सुरू झाला शोध! पाव म्हणजे ‘पान’. खमीस म्हणजे ‘कामिसा’. आणि एक तारखेला मुलीने तियाच्या हाती पैसे ठेवले तेव्हा ही आपल्या मराठीत ‘पगार?’ म्हणाली, तशी तिया खदखदून हसली. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे! यांतले काही शब्द अरबांकडून आपल्याकडे आले, काही पोर्तुगीजांनी आणून ठेवले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या तर सख्ख्या बहिणी. हिचे माहेर गोव्याचे. त्यामुळे हिच्या पोतडीत असले शब्द माझ्यापेक्षा जास्त. ‘पगार’ शब्दाची व्युत्पत्ती मला ठाऊक होती. पस्तीस वर्षे तो शब्द मी दरमहा उचललाही होता. पण त्याची बहीण मला पहिल्यांदा भेटली ती मुलीच्या स्वयंपाकघरात. पुढे तिया मक्याच्या भिजवलेल्या पिठाची भाकरी हातांवर थापू लागली आणि ही तिला ज्वारीची भाकरी दाखवू लागली, तेव्हा मी समजलो की आता येथे अनुवादकाची गरज उरलेली नाही.

त्याच १ मार्चला, शनिवारी, संध्याकाळी मुलीकडे चारपाच मराठी कुटुंबे जेवायला आली होती. बातमी ताजी होती. अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या दिवशी आदेश काढून इंग्रजी ही अमेरिकेची राजभाषा असल्याचे जाहीर केले होते. त्याबरोबरच अध्यक्ष क्लिंटन यांचा ऑगस्ट २००० चा आदेश रद्द केला होता. त्या जुन्या आदेशाप्रमाणे, ज्यांना इंग्रजी नीट येत नाही अशांनाही सरकारी सेवा कळतील अशा रीतीने द्याव्यात, असे केंद्राच्या खात्यांवर आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांवर बंधन होते. भाषांतरे बंदच करा असे नवा आदेश म्हणत नाही; ज्याने त्याने आपले ठरवावे, असे म्हणतो. पण बंधन गेले.

खरे सांगायचे तर मला बरे वाटले. एवढ्या मोठ्या राष्ट्राला अडीचशे वर्षे राजभाषाच नव्हती, हे ऐकून मी चकित झालो. त्यांच्या राज्यघटनेत तसे कलमच नाही. तीसहून अधिक घटक राज्यांनी आपापल्यापुरती इंग्रजीला राजभाषा करून घेतली आहे. कॅलिफोर्नियाने तर १९८६ साली जनतेचा कौल घेऊन. देशभरासाठी तशी घटनादुरुस्ती १९८१ साली सिनेटर हायाकावा यांनी मांडली होती. हे गृहस्थ नाणावलेले भाषापंडित, आणि जन्मले कॅनडात, जपानी आईबापांच्या पोटी! त्यांचीही दुरुस्ती मंजूर झाली नाही. जावईबापूंनी ही माहिती पुरवली आणि मी आपल्या अनुभवाच्या अधिकाराने निकाल दिला, “राष्ट्राला राजभाषा हवीच. त्याशिवाय कारभाराला शिस्त येत नाही.”

मंडळींनी माना डोलावल्या. एक गृहस्थ म्हणाले, “अहो काका, हे लोक वीसवीस वर्षं इथं राहतात, पण इंग्रजी म्हणून शिकत नाहीत. आपण नाही शिकलो?”

पुरणपोळी वाढता वाढता ही म्हणाली, “मला तरी कुठं येतंय?”

“तुमचं वेगळं आहे, काकू,” ते गृहस्थ घाईघाईने म्हणाले. सारे हसले. मीही हसलो. तुमचे वेगळे म्हणजे कसे वेगळे, हे कुणी विचारले नाही. तिया तेव्हा आत भांडी लावीत होती.

दहाएक दिवसांनी आम्ही चौघे, म्हणजे ही, मी, नात आणि तिया, भाजी आणायला गेलो. दुकान मोठे, रांग लांब. हिच्या हातात निवडुंगाची पाने होती. मेक्सिकोत त्यांची भाजी करतात. काटे काढून, चिरून, कांद्यावर परततात. ती भाजी चिकट होऊ नये म्हणून काय करावे, हे तिया हातवारे करून सांगत होती. ही मराठीत “म्हणजे भेंडीसारखंच की!” म्हणत होती. दोघीही जरा मोठ्यानेच हसत होत्या.

आमच्या मागे साठीतले एक गृहस्थ उभे होते. नीटनेटके, चांगल्या घरातले दिसणारे. ते एकदम म्हणाले, “दिस इज अमेरिका. स्पीक इंग्लिश!” आणि वर जोड दिली की आता तर कायदाच झाला आहे.

तो कायदा नव्हता. तो सरकारी खात्यांपुरता आदेश होता. दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी भेंडीविषयी कोणत्या भाषेत बोलावे, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हे मला तिथे कुणाहीपेक्षा नेमके ठाऊक होते. आदेश, अधिनियम, नियम आणि अधिसूचना यांतला फरक सांगण्यात माझे आयुष्य गेले. पण वाचकहो, मी त्यातले अक्षरही बोललो नाही. मी वळलो, घसा साफ केला आणि ज्या इंग्रजीत मी सचिवांपुढे टिपणे वाचीत असे त्या इंग्रजीत म्हणालो, “सर, वी आर नॉट मेक्सिकन्स. वी आर फ्रॉम इंडिया.”

त्या गृहस्थांचा चेहरा निवळला. “ओह!” असे म्हणून त्यांनी माफीदेखील मागितली. त्यांच्या ऑफिसात इंडियाचे फार हुशार लोक आहेत असेही सांगितले. माझा अर्ज एका वाक्यात मंजूर झाला होता.

ही माझ्याकडे पाहात राहिली. तिला वाक्य सगळे कळले नसावे, पण ‘नॉट’ आणि ‘मेक्सिकन’ हे दोन शब्द कळायला इंग्रजी लागत नाही. तियाने खाली वाकून नातीला हळूच काही विचारले. माझी नात ही प्रामाणिक अनुवादक आहे. तिने एकही शब्द न गाळता माझे वाक्य स्पॅनिशमध्ये केले. तियाने ऐकले. मग तिने पिशव्या उचलल्या आणि ती गाडीकडे चालू लागली.

परतताना गाडीत कुणी बोलले नाही. थोड्या वेळाने नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही असं का म्हणालात? तिया तर आहे ना मेक्सिकन.” हे तिने इंग्रजीतच विचारले. मला उत्तर कुठल्याच भाषेत सुचले नाही.

रात्री हिने दिवा मालवला आणि अंधारात म्हणाली, “अहो, तुम्ही खोटं काही बोलला नाहीत.” एवढेच. बायकोने दोष दिला असता तर मी बचाव केला असता. हिने मला खरे बोलल्याचे प्रमाणपत्र दिले, आणि मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिया ठरल्या वेळी आली. काम नेहमीसारखे केले. फक्त मक्याची भाकरी थापताना तिने हिला हाक मारली नाही.

त्यानंतर मी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. जे अमेरिकेत ‘बाहेरून आलेले’ म्हणून मी गृहीत धरले होते त्यांचा इतिहास मला वाचायचा होता. पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आले की बाहेरून कोण आले याचा हिशेबच मी उलटा धरला होता. स्पेनच्या लोकांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टिन हे गाव वसवले १५६५ साली. इंग्रजांचे जेम्सटाऊन वसले १६०७ साली. टेक्सस १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता आणि अमेरिकेत आला १८४५ मध्ये. १८४८ च्या फेब्रुवारीत ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रचंड मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तिथली हजारो माणसे होती तिथेच राहिली. सरहद्द तेवढी त्यांच्या घरांवरून पलीकडे सरकली. नेवाडा, कोलोराडो, लॉस एंजेलिस ही नावे कुणी पाहुण्याने ठेवलेली नाहीत. आज त्या देशात घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांतले बरेचसे तियासारखे नंतर आलेले. पण कित्येकांचे पूर्वज अमेरिकेत कधी ‘आले’च नाहीत, अमेरिकाच त्यांच्याकडे आली.

आणि भाषेचे वचनही दिले गेले होते. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या राज्यघटनेत सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असे कलम होते. तीस वर्षांनी, १८७९ च्या नव्या घटनेत, ते काढून टाकले. न्यू मेक्सिको १९१२ साली राज्य झाले तेव्हा तिथल्या घटनेने स्पॅनिश वंशाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क राखला आणि शिक्षकांना स्पॅनिश शिकवण्याची सोय करायला सांगितले. टेक्ससने उलटी वाट धरली. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविषयी संशयाचे वारे सुटले होते. त्या वाऱ्यात १९१८ साली तेथे कायदा झाला की सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा गुन्हा. राग जर्मनवर होता. छडी स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांच्याही हातांवर बसली.

मार्चमध्ये नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असते. मुलीने बिग बेंडचे राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत केला. वाटेवर मार्फा नावाचे गाव लागते. मी मुलीला म्हटले, तिथे घटकाभर थांबू. मला एक शाळा पाहायची आहे.

ऑस्टिनपासून दिवसभराचा प्रवास. दोहो बाजूंना पिवळे, उजाड माळरान. आपल्या माणदेशाची आठवण करून देणारे. त्या माळावर मार्फा गावात मातीच्या कच्च्या विटांची एक बसकी इमारत आहे. ही ब्लॅकवेल शाळा. १९०९ साली बांधलेली. मेक्सिकन मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळे बसवण्यासाठी ही निराळी शाळा. तसे करा म्हणून टेक्ससच्या कायद्यात लिहिलेले नव्हते. रूढीने ते होत होते. १९६५ मध्ये ती बंद झाली आणि मुले एकत्र शिकू लागली. २०२२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवली.

या शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलण्याला बंदी होती आणि बोलणाऱ्याला फळीचे फटके मिळत. पण मी तिथे गेलो होतो ते १९५४ सालच्या एका प्रसंगासाठी. त्या वर्षी शाळेने ‘मिस्टर स्पॅनिश’ यांची अंत्ययात्रा काढली. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले. त्या चिठ्ठ्या पेटीत घातल्या आणि ती पेटी झेंड्याच्या खांबापाशी खड्डा खणून पुरली. मुलांचे हित व्हावे, ती लवकर इंग्रजी शिकावीत, याच हेतूने हे झाले असणार. शाळांतून मुलांवर होणारे पुष्कळ अन्याय मुलांच्या हितासाठीच होत असतात. २००७ साली, म्हाताऱ्या झालेल्या त्या विद्यार्थ्यांनी एकत्र जमून तिथेच पुन्हा समारंभ केला आणि जमिनीतून स्पॅनिशचा शब्दकोश वर काढला.

मी हे हिला मराठीत समजावून सांगितले. ती बराच वेळ जमिनीकडे पाहात राहिली. मग म्हणाली, “आणि त्या दिवशी ती पोरं घरी गेल्यावर आईशी काय बोलली असतील हो?”

एवढी पुस्तके चाळली, हा प्रश्न मला पडला नव्हता.

थोडे थांबून ती म्हणाली, “आमच्या गोव्यात फिरंग्यांनी हेच केलं होतं.” ते खरे आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षे संपून साडेतीनशे होत आली. कोंकणी आहे, आणि पोर्तुगीजांचे उरले आहे ते पाव, पगार असे काही शब्द. तेही आपण प्रेमाने सांभाळलेले.

परतीच्या वाटेवर मी माझ्या खात्याचा विचार करीत होतो. आम्हीही राजभाषाच केली ना? मग त्या दुकानातल्या गृहस्थात आणि माझ्यात फरक कोणता? मला माझ्या नोकरीची पहिली वर्षे आठवली. कोकणातून एक म्हातारा मुंबईला आला होता. जमिनीसंबंधी त्याला कुठल्याशा कचेरीचे इंग्रजी पत्र गेले होते. गावात ते कुणाला वाचता येईना, म्हणून तो बोटीने आणि पायी असा मुंबईत येऊन, कुणी दाखवले म्हणून आमच्या दारात उभा होता. पत्रात एवढेच होते की त्याचा अर्ज पोचला आहे. आमच्या एका वयस्क सहकाऱ्याने ते त्याला वाचून दाखवले, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, “बाळ, आपण इथं कशासाठी बसलोय ते बघितलंस ना?”

१९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला तो अशा म्हाताऱ्यासाठी. त्याने कुठली भाषा बोलावी हे सांगण्यासाठी नव्हे. सरकारने त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलावे हे सांगण्यासाठी. आपल्या राज्यघटनेतले ३५० वे कलम मी अनेकदा वाचले होते, पण त्याची थोरवी मला त्या टेक्ससच्या माळावर कळली. ते म्हणते की आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. म्हणजे राजभाषा हे सरकारच्या मानेवरचे जू आहे, रयतेच्या नव्हे. क्लिंटन यांचा जो आदेश रद्द झाला त्यात हेच तत्त्व होते. नावात राजभाषा हा शब्द नव्हता इतकेच. आणि मी त्या रात्री पुरणपोळी खाताना शब्दाला भुललो, तत्त्वाकडे पाहिले नाही.

इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणतो? तिया आठवड्यातून दोन रात्री इंग्रजीच्या वर्गाला जाते, हे मला नंतर कळले. मी कधी विचारलेच नव्हते. दिवसभर दोन घरची कामे करून रात्री वर्गात बसणाऱ्या बाईला ‘हे लोक शिकत नाहीत’ म्हणणारे आम्ही, आमच्या नातीला दोन भाषांच्या शाळेत घालण्यासाठी मात्र धडपडतो. आमच्या पोरीच्या तोंडची स्पॅनिश ही विद्या, आणि तियाच्या तोंडची स्पॅनिश ही उणीव!

मे महिन्यात एकदा काम संपल्यावर तिया घुटमळली. तिच्या हातात लिफाफा होता. कुठल्याशा कचेरीचे इंग्रजी पत्र, चार पानी. मुलगी मीटिंगमध्ये होती. तियाने एकदा बंद दाराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तिने तो लिफाफा माझ्यापुढे ठेवला.

मी चष्मा लावला. पत्र तिच्या मुलाच्या औषधपाण्याच्या योजनेसंबंधी होते. एक दाखला तीस दिवसांत धाडायचा होता, त्यांतले बावीस दिवस गेलेले. मी नातीला शेजारी बसवले आणि पत्रातली ओळ न् ओळ सोप्या इंग्रजीत सांगितली. तिने ती स्पॅनिशमध्ये केली. मग उत्तराचा मसुदा केला. पस्तीस वर्षांत मी हजारो कागदांचे भाषांतर केले असेल; त्यांतला एखादा ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या डोळ्यांदेखत वाचला गेल्याचे मला आठवत नाही.

पत्र पुरे झाल्यावर तिया थोडी मोकळी झाली. तिचा नवरा टेक्ससमध्येच जन्मलेला. त्याच्या वडिलांनी लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्ला. तो मार आपल्या पोरांना नको म्हणून त्यांनी घरात इंग्रजीच चालवले. त्यामुळे तिच्या नवऱ्याला स्पॅनिश धड येत नाही. त्याची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा ती काय म्हणते आहे हे त्याला शेजाऱ्याला विचारावे लागले. हे सांगताना नात मध्येच थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिच्या मनात काय आले ते मी विचारले नाही. माझ्या मनात आले होते तेच आले असावे.

मग मी नातीकडून दोन दिवस घोकून घेतलेले वाक्य म्हटले. “मी त्या दिवशी चुकलो. मला क्षमा करा.” माझे स्पॅनिश उच्चार बहुधा भयंकर असतील. तियाने ते ऐकून घेतले. ‘काही नाही हो’ असे ती म्हणाली नाही, आणि म्हणाली नाही तेच बरे केले. तिने मान हलवली आणि माझा एक उच्चार तेवढा सुधारला. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिने हिला हाक मारली.

जुलैत आम्ही मुंबईला परतलो. इथेही भाषेचे रान पेटलेलेच होते. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारने जूनअखेर मागे घेतला होता, आणि कुणाला मराठी येत नाही म्हणून कानशिलात वाजवल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. मराठी ही या राज्याची भाषा आहे, ती इथे सन्मानाने नांदलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या कामात मी हयात घालवली. मराठी माणसाला त्याच्याच शहरात बँकेत किंवा दवाखान्यात मराठीतून उत्तर मिळू नये, हे मला आजही सहन होत नाही. पण आमच्या सोसायटीच्या फाटकावर बिहारकडचा एक नवा पोरगा बसतो. अमेरिकेला जाण्यापूर्वी मी त्याला एकदा विचारले होते, “महाराष्ट्रात राहतोस ना? मग मराठी येत नाही?” तेव्हाचा माझा आवाज मला आता ओळखीचा वाटतो. तो मी टेक्ससमध्ये, रांगेत, पाठीमागून ऐकला आहे.

आता संध्याकाळी मी त्याच्यापाशी दहा मिनिटे बसतो. त्याला रोज पाच वाक्ये मराठीत शिकवतो. तोही उत्साहाने शिकतो, कारण कुणी शिकवले तर माणसाला शिकायला आवडते. बदल्यात तो मला मैथिली शिकवतो. माझी प्रगती बेताची आहे.

आणि दर रविवारी सकाळी ऑस्टिनहून व्हिडिओवर फोन येतो. तिथे तेव्हा शनिवारची रात्र असते. कधीमधी मुलगी आणि जावई बाहेर गेलेले असले की तिया नातीपाशी थांबलेली असते. मग हिच्या आणि तिच्या गप्पा सुरू होतात. परवा तियाने कसलीशी कृती विचारली. नात क्षणभर थांबली. मी सवयीने इंग्रजीची वाट पाहात होतो. पण तिने माझ्याकडे न पाहता आजीकडे पाहिले, आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, “आजी, तिया विचारते... चकलीला... पीठ किती?”

मधले टेबल रद्द झाले होते. आजीने भाजणीचे माप सांगितले, आणि नातीने ते थेट स्पॅनिशमध्ये तियाला कळवले.